ओढीची बाजू

“पंपाची दाढी करताय की काय, आहेर?”

बाथरूमच्या दारात उभे राहून देवरे साहेब हसत होते. मी टबाच्या ओट्याखालच्या झडपेतून छातीपर्यंत आत शिरलो होतो. एका हातात दाढीचा ब्रश, दुसऱ्या हातात फेसाची वाटी. कानाशी पंप घरघरत होता आणि वर टबातले जेट खोकत होते. खोकत होते म्हणजे अगदी दमेकऱ्यासारखे. जरा वेळ पाण्याची धार, मग फुस्स करून हवा, मग पुन्हा धार.

“साहेब, पाणी गळत असतं तर ओल दिसली असती,” मी आतूनच ओरडलो. “पंपाच्या पुढं चीर पडली तर पाणी बाहेर येतं. पंपाच्या मागं, ओढीच्या बाजूला पडली तर हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठाक. म्हणून हा फेस. जिथं हवा शिरतेय तिथं तो आत ओढला जातो.”

“बरं, करा काय करायचं ते. उद्या अकराच्या आत मात्र टब टकाटक पाहिजे. पाहुणे यायचेत.”

पाहुणे आणि बाथरूमचा टब यांचा काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही. बंगल्यांमध्ये काम करणाऱ्यानं फार विचारू नये, असं माझं तेव्हाचं शहाणपण होतं.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपूरला माझं पंप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायच्या, बोअरचे पंप काढायचे, असली कामं. त्या सुमारास गंगापूर रोडच्या बंगल्यांमध्ये जेटचे टब बसायला लागले होते, आणि ते बिघडले की काय करायचं हे नाशकात आम्हा दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. त्यामुळे माझा भाव जरा वधारला होता. शशांक देवरे हे मोठे बांधकाम ठेकेदार. त्यांच्या आईला, अक्कांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. कोमट पाण्यात बसवून अंगावर जेटच्या धारा घेतल्या तर हातापायांत जीव येईल, असं कुणी डॉक्टर म्हणाले, म्हणून साहेबांनी टब बसवून घेतला. तो बसवताना मी नव्हतो. दुरुस्तीला मात्र दोनदा गेलो. पहिल्यांदा श्रावणात, आणि ही दुसरी खेप, दिवाळी होऊन गेल्यावर.

जागा सापडली. पंपाच्या तोंडाशी जे युनियन असतं, म्हणजे पाइप जोडायची आटे असलेली मोठी चकती, तिच्या खालच्या अंगाला लावलेला फेस बघता बघता नाहीसा झाला. पुन्हा लावला, पुन्हा गिळला. मी पंप बंद केला, युनियन खोललं. आतली रबरी रिंग भाजून चपटी झालेली, बोटानं दाबली तर तुकडा पडला. नवी रिंग टाकली, आवळलं, पंप चालू केला.

जेट खोकतच राहिले.

हवा आता शिरत नव्हती, फेस जागच्या जागी होता. म्हणजे पंपाला पाणीच पुरत नव्हतं. मग माझ्या डोक्यात आलं की रिंग आपण होऊन भाजत नाही. पाणी मिळेना म्हणून पंप कोरडा तापला असणार, त्या तापानं रिंग गेली असणार. हवा शिरणं हा आजारच नव्हता. आजार पुढं होता, पंपाच्या पोटात.

मी पंपाचं तोंड उघडलं आणि तोंडावर वास आला.

वासाचं मला कधी काही वाटलं नव्हतं. गटारीतले पंप काढलेत, विहिरीत मेलेलं कुत्रं निघालेलं पाहिलंय. पण हा वास निराळा होता. त्यात औषधी तेल होतं, साबण होता, माणसाच्या अंगाचा मळ होता, आणि हे सगळं पंधरा-वीस दिवस बंद पाण्यात कुजलेलं. खोबरेल खवट झाल्यावर येतो तसा गोडसर दर्प घशात जाऊन बसला. आतून काळपट, साईसारखा बुळबुळीत थर बोटांवर आला. मी नाकानं श्वास घ्यायचा बंद केला आणि पंख्याच्या चाकाभोवती काय गुंडाळलंय ते चाचपडत ओढायला लागलो.

केस होते.

जेटच्या पंपात केस निघतातच. गळालेल्या केसांचा बोळा निघतो, मुठीत मावणारा, गुंता झालेला. हे तसं नव्हतं. ओढत गेलो तसं येतच राहिलं, दोरखंडासारखं, बोटाएवढं जाड. बुळबुळीतून सुटून माझ्या मनगटावर लपेटलं गेलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. बाहेर काढून फरशीवर ठेवलं. हातभर लांब. मध्ये अजून तीन पेडांची वीण शिल्लक होती, आणि टोकाला लाल रबर.

वेणी होती ती.

मी ती उलटी करून पाहिली. दुसरं टोक एका रेषेत कापलेलं होतं. गळालेला केस असा नसतो. हे कात्रीनं कापलं होतं, एका घावात नाही, घाईघाईनं तीन-चार घावांत.

“चला,” कुणीतरी म्हणालं.

मी दचकून वळलो. बाथरूमला लागून असलेल्या खोलीत अक्का चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. झटक्यानंतर त्यांच्या तोंडात एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी ‘चला’, लाज वाटली तरी ‘चला’. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. फरशीवरच्या वेणीकडे पाहत होत्या.

“चला, चला, चला.”

“हो अक्का, झालंच,” मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

देवरे साहेब आले. त्यांनी वेणी पाहिली, नाकाला रुमाल लावला. “शी! फेका हो ते. त्या बाईचंच असणार. अक्कांसाठी ठेवली होती आया पुरवणाऱ्या ब्यूरोतून, जमना नावाची. मी आणि मीनल बाहेर गेलो की अक्कांना खुर्चीत तशीच ठेवायची आणि स्वतः टबात लोळायची. केस सोडून. एक दिवस अडकले केस. आरडाओरडा! मीनलनं कापून सोडवली म्हणून वाचली. दिली हाकलून.”

“कापून सोडवल्यावर पंप परत चालू केला होता का?”

“मी केला. बघितलं चालतोय का. तेव्हापासूनच खोकायला लागला.”

म्हणजे पाइपात अडकलेली वेणी त्यांनी पंपाला खाऊ घातली होती. मी टबात उतरलो. पाणी सोडून दिलेलं होतं. जिथून पंप पाणी ओढतो ते भोक टबाच्या बुडाशी, भिंतीला असतं. त्याच्यावर घुमटीसारखी जाळी बसवलेली असते, मुद्दाम फुगीर केलेली. कारण सपाट तोंडाला माणसाचं अंग चिकटलं तर पंप ते सोडत नाही, आणि केस गेला तर आतल्या आत गाठ मारतो.

जाळी नव्हती. नुसतं उघडं भोक होतं, वाटीएवढं. दोन्ही बाजूला स्क्रूची दोन रिकामी छिद्रं.

उजवीकडच्या छिद्राच्या कडेला पान्ह्याचा ओरखडा होता. तो मी ओळखला. माझा होता.

श्रावणात आलो तेव्हाही तक्रार हीच, जेट खोकतात. तेव्हा जाळीवर तेल आणि उटण्याचा चिकटा बसून ती बुजली होती. काढून धुवायला गेलो तर एक स्क्रू फिरून फिरून झिजला. जोर लावला तर जाळीचा कान तुटला. जाळी काढली आणि काय, पंप मोकळा झाला! जेट असे धो धो सुटले की देवरे साहेब खूश. त्यांचा फोन चालू होता. मी म्हणालो, “साहेब, जाळी तुटलीये, नवी मागवून बसवतो.” त्यांनी कानावरचा फोन न काढता मान हलवली. जाळी मुंबईहून मागवावी लागायची. एकदा दुकानदार म्हणाला आठ दिवसांनी, एकदा म्हणाला माल नाही. मग गणपती आले, मग नवरात्र, बोअरचा हंगाम. मी विसरलो. खरं सांगायचं तर विसरलोही नव्हतो. दोन-तीनदा आठवलं होतं आणि दर वेळी, चाललंय ना त्यांचं, असं म्हणून मी ते बाजूला सारलं होतं.

“काय झालं?” साहेबांनी वरून विचारलं.

“जाळी नाहीये.”

“हो, तीच तर भानगड आहे.” ते टबाच्या काठावर बसले, आवाज खाली आणला. “ती बाई ब्यूरोत जाऊन सांगतेय की टबाला जाळी नव्हती, म्हणून अपघात झाला. उद्या ब्यूरोच्या ठोसर मॅडम येतायत तिला घेऊन. एक जाळी आजच्या आज बसवून टाका. दुसऱ्या कुणाची काढून आणा, काहीही करा. आणि तुमच्या दुकानाच्या कागदावर चार ओळी लिहून द्या. श्रावणात टब तपासला, जाळी जागेवर होती, केस मोकळे सोडून बसल्यामुळं पंप बिघडला. बस.”

मी छिद्राच्या कडेचा ओरखडा अंगठ्यानं घासला.

“आहेर, जाळी तुम्हीच काढली होती, हे मला आठवतं बरं का.” ते हसले. तेच मघाचं हसू. “तुमच्याही भल्याचं सांगतोय. आमच्या क्लबात तीन टब बसतायत. पाथर्डी फाट्याला नवीन स्कीम आहे, तिथं बारा. तुमचं नाव मी घालणारच आहे.”

दुपारी शरणपूरच्या एका बंद पडलेल्या टबाची जाळी काढून आणली आणि बसवली. नव्या स्क्रूला ओली माती चोळली, जुने दिसावेत म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे माझं मलाच सुचलं. मग त्यांच्या दिवाणखान्यात बसून चार ओळी लिहिल्या. अक्षर चांगलं काढलं. खाली सही, मुरलीधर दशरथ आहेर, आणि दुकानाचा शिक्का.

घरी आलो, तीनदा हात धुतले. लिंबू चोळलं, मग राख, मग पंपाच्या कामाचा रॉकेलचा बोळा. ताटावर बसलो आणि पहिल्याच घासाला तो खवट गोड वास आला. माझ्या बायकोनं माझा हात नाकाशी नेऊन हुंगला. “काही वास नाही,” ती म्हणाली, “जेवा.” मी ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी अकराला देवरे साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कुणी काही विचारलं तर असावा म्हणून. ठोसर मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा, हातात जाड रजिस्टर. त्यांच्या मागून जमना. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. तिशीची असेल, पेठ तालुक्याकडची, काटक. डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, कपाळापर्यंत. ती सोफ्यावर बसली नाही. थेट अक्कांच्या खुर्चीपाशी गेली, खाली वाकली, म्हणाली, “बऱ्या आहात का अक्का? जेवण जातं का?”

“चला,” अक्का म्हणाल्या. डावा हात त्यांनी जमनाच्या गालावर ठेवला, आणि मग त्याच हाताचा अंगठा हवेत दाबायला लागल्या. दाब, सोड. दाब, सोड.

“मॅडम, आपण मुद्द्याचं बोलू,” देवरे साहेब म्हणाले, आणि माझा कागद त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. मग सगळ्यांना बाथरूममध्ये नेऊन जाळी दाखवली. जमनानं अक्कांची खुर्चीही ढकलत दारापर्यंत आणली.

ठोसर मॅडमनी वाकून पाहिलं. “जमना, जाळी तर आहे.”

“आता आहे बाई. तवा नव्हती,” जमना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “एकदा माझी टाच त्या भोकाला चिकटली होती. काळानिळा डाग पडला होता. मी मीनलताईंना सांगितलं. एकदा नाही, दोनदा सांगितलं.”

साहेबांच्या पत्नी मीनलताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

“आणि मी मजा करायला बसले नव्हते. अक्कांना एकटीला बसवलं की त्या उजव्या अंगावर कलंडतात, तोंडात पाणी जातं. म्हणून मी मागून धरून बसायची. रोजच बसायची. त्या दिवशी अंबाडा सुटला. वेणी कधी खाली गेली कळलंच नाही, एकदम मान मागं ओढली गेली. माझं तोंड पाण्याखाली. मी काय ओरडणार? अक्कांनी बटण दाबलं म्हणून पंप थांबला. मग त्याच ओरडल्या. ते ऐकून ताई आल्या.”

देवरे साहेब खदखदून हसले. “ऐकलंत मॅडम? बटण अक्कांनी दाबलं! अहो, हिला पाण्याचा पेला उचलता येत नाही. तोंडातून ‘चला’च्या पुढं शब्द नाही. आणि ही बाई म्हणते अक्कांनी जीव वाचवला. गोष्ट रचायची तर जरा नीट रचावी माणसानं.”

अक्कांचा अंगठा थांबला होता.

“दुसरं म्हणजे,” साहेब म्हणाले, “हा टबाचा माणूस इथं उभा आहे. त्याचं काही आमच्याशी नातं नाही. त्यालाच विचारा.”

ठोसर मॅडम माझ्याकडे वळल्या. “कागद तुमचाच का?”

“हो.”

“श्रावणात जाळी जागेवर होती?”

जमनानं मान वर केली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त वाट बघत होती, दुकानात सुट्टे परत मिळायची बघावी तशी.

“होती,” मी म्हणालो.

ठोसर मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. “मग मला हिच्या नावापुढं शेरा मारावा लागेल. ब्यूरोतनं नाव कमी. दुसरे ब्यूरोही विचारतात आम्हाला, त्यांना सांगावं लागतं.” त्या जमनाकडे न बघता बोलत होत्या. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं.

माझं काम संपलं होतं. निघायचं म्हणून मी अवजारांची पिशवी उचलली, आणि वयस्कर माणसाच्या घरातून निघताना करतो तसा, सवयीनं, अक्कांच्या पाया पडायला वाकलो.

गालावर काहीतरी कोमट पडलं.

आधी मला वाटलं लाळ असेल, झटका आलेल्या माणसाची लाळ गळतेच. मी मान वर केली. अक्कांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठ अजून आवळलेले, आणि डोळे थेट माझ्या डोळ्यांत. लाळ आपोआप गळते. ही थुंकी होती. लुळ्या जिभेनं, अर्ध्या ओठांनी, कष्टानं गोळा करून टाकलेली. आणि मग मला आठवलं. श्रावणात मी टबात बसून पान्ह्यानं तो कान तोडला तेव्हा ही खुर्ची याच दारात होती. जाळी मी पिशवीत टाकली, अक्का बघत होत्या. त्या मला ओळखत तर होत्याच. या सगळ्यात खरं काय झालं ते पूर्ण माहीत असलेलं त्या घरात एकच माणूस होतं, आणि त्याच्याकडे एकच शब्द होता.

“सॉरी हो आहेर, तिला समजत नाही,” देवरे साहेब म्हणाले. “मीनल, टिश्यू दे त्यांना.”

जमना आधीच पुढं झाली होती. तिनं ओढणीच्या टोकानं अक्कांची हनुवटी पुसली, ओठांचे कोपरे पुसले. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. टोक ओढताना ओढणी कपाळावरून मागं सरकली. कानामागं, मानेपासून टाळूपर्यंत, तळहाताएवढी जागा उघडी दिसली. केस नव्हते. कातडी गुलाबी, ताणलेली, खपल्या धरलेली. केस सगळे कात्रीनं गेले नव्हते.

माझ्या गालावरून थुंकी खाली कॉलरमध्ये उतरत होती आणि मी ती पुसली नाही. मला माझीच किळस येत होती. माझ्या हातांची, त्या वळणदार अक्षराची, स्क्रूला माती चोळायचं सुचलेल्या त्या हुशारीची. कालपासून जो वास जात नव्हता तो पंपाचा नव्हता.

“जाळी नव्हती,” मी म्हणालो.

“काय?” ठोसर मॅडम.

“श्रावणात मीच काढली. कान तुटला माझ्या हातनं. नवी आणतो म्हणालो आणि आणली नाही. ही काल बसवली. स्क्रू काढून बघा, आतले आटे कोरे आहेत. कागदावरचं खोटं आहे.”

“आहेर!” देवरे साहेबांचा चेहरा असा झाला की जणू दुर्गंधी आता माझ्याच अंगाला येत होती. “तुम्हाला कळतंय का काय बोलताय? तुमच्यावर शेकेल हे!”

“शेकू द्या. तुम्हाला सांगितलं होतं साहेब, तुम्ही फोनवर होता. मान हलवली होती.”

ठोसर मॅडमनी मीनलताईंकडे पाहिलं. “आणि हिनं तुम्हाला दोनदा सांगितलं होतं?”

मीनलताई वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. ठोसर मॅडमनी टोपण पेनाला लावलं. रजिस्टर मिटलं.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. देवरे साहेबांनी मला त्या दिवशी घराबाहेर काढलं, आणि महिन्याभरात गंगापूर रोडच्या सगळ्या बंगल्यांतून. आहेर पार्ट काढून नेतो, असं त्यांनी पसरवलं. ते ऐकून मला भांडता आलं नाही, कारण एका अर्थी ते खोटं नव्हतं. मी परत बोअरच्या पंपांवर आलो. जमनाचं नाव ब्यूरोत राहिलं. ठोसर मॅडमनी तिला एका दवाखान्यात लावून दिलं, व्यायामाच्या विभागात. देवऱ्यांनी तिला परत बोलावलं होतं, कारण अक्का दुसऱ्या कुणाच्या हातून खाईनात. ती गेली नाही. अक्का त्यानंतर दोन वर्षं होत्या, असं मला पुढं कुणीतरी सांगितलं.

पण त्या दिवशी, बंगल्याच्या फाटकाबाहेर, मी जमनासाठी थांबलो. मॅडम रिक्षा बघायला कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. कडुनिंबाखाली मी उभा, गाल अजून चिकट. जमना आली तशी मी हात जोडले.

“बाई, चुकलं माझं. माफी करा.”

ती थांबली. माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही जाळी काढली ते चुकलं,” ती म्हणाली. “चुकतं माणूस. काल कागद लिहिला, तेपण चुकलं का?”

घशात तो गोड दर्प दाटला, आणि मी फाटकालगतच्या गटारावर वाकून ओकलो. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी आलं. ती तिथंच उभी राहिली. तिनं पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही, तोंडही फिरवलं नाही. माझं आटपेपर्यंत थांबली.

“बाई,” मी तोंड पुसत म्हणालो, “कालपासून असंच होतंय. हातांचा वास जात नाही. अन्न जात नाही. तुम्ही माफ केलंत एकदा, तर...”

“तर जाईल?”

मी मान डोलावली.

कोपऱ्यावरून ठोसर मॅडमनी हाक मारली, रिक्षा मिळाली होती. जमनानं ओढणी पुन्हा कपाळापर्यंत ओढली आणि कानामागं गाठ आवळली. गाठ त्या जागेवर बसली तेव्हा दुखलं असणार, तिचे डोळे क्षणभर मिटले.

“मग नाही करत,” ती म्हणाली. “राहू द्या ती मळमळ. तुम्ही लोकांच्या घरात शिरता, टब खोलता. कुणीतरी त्यात बसतं नंतर. तुम्हाला लागेल ती.”

आणि ती रिक्षाकडे निघून गेली.